विमाननगरची कार्यशाळा: डेटावाल्यांसाठी वैमानिकाची शिस्त

हवाई दलातून निवृत्त झालेले एक वैमानिक पुण्याच्या विमाननगरमध्ये डेटा आणि एआयचे प्रकल्प चालवणाऱ्यांसाठी शनिवार-रविवारची कार्यशाळा घेतात. चाकणला सुट्या भागांच्या कंपनीत मागणीचा अंदाज बांधणारी टीम मी सांभाळते. टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीला सोबत घेऊन मी गेले होते. जाऊन उपयोग आहे का, असं बरेच जण विचारतात, म्हणून लिहिते आहे.

चेकलिस्टचा भाग अपेक्षित होता. १९३५ साली बोइंगचं मॉडेल २९९ चाचणी उड्डाणात कोसळलं, कारण जमिनीवर असताना लावलेलं नियंत्रणांचं लॉक काढायचं राहून गेलं होतं. चालवणारे अनुभवी होते, तरीही. त्यातून चेकलिस्ट रुळली. सर इथे रेंगाळत नाहीत, ते बरंच आहे.

खरी मजा पुढे आली. १९८३ मध्ये एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ ला २२,३०० किलो इंधन हवं होतं. हिशेबात किलोऐवजी पौंडाचा गुणक धरला गेला आणि निम्म्याहून कमी इंधनावर विमान उडालं. वाटेत दोन्ही इंजिनं बंद पडली. वैमानिकांनी ते तरंगत नेऊन कॅनडातल्याच गिमली गावच्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं, सगळे वाचले. हे सांगून सरांनी प्रत्येकाला आपापल्या डेटाचे कॉलम लिहायला लावले आणि प्रत्येकापुढे एकक. आमचा एक डेपो माल नगात कळवतो, दुसरा पेटीत, आणि फाइलमध्ये एककाचा कॉलमच नाही! हे सोबतच्या मुलीने दाखवून दिलं. सोमवारपासून एककाशिवाय आलेली फाइल आमची सिस्टीम घेत नाही.

लोहगाव विमानतळाची धावपट्टी जवळ असल्याने मधूनमधून बोलणं ऐकू येत नाही. सर तेवढा वेळ थांबतात आणि आवाज ओसरला की शेवटची सूचना कुणाला तरी परत म्हणायला लावतात. १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावर धावपट्टीवरच दोन जंबो जेट धडकून ५८३ माणसं गेली. त्यात अर्धवट ऐकलेल्या आणि चुकीच्या समजलेल्या संदेशांचा मोठा वाटा होता. आमच्या मीटिंगांमध्ये कुणी काय ऐकलं हे कोण तपासतं?

पण पैसे वसूल झाले ते ‘गो-अराउंड’च्या सत्रात. उतरताना ठरलेल्या उंचीपर्यंत वेग, खाली येण्याचा दर, सगळं मर्यादेत नसेल तर विमान पुन्हा वर न्यायचं. ७ ऑगस्ट २०२० ला कोझिकोडला उतरताना विमानाला अपघात झाला, २१ जण गेले. चौकशी अहवाल सांगतो की सहवैमानिकाने ‘गो-अराउंड’ म्हटलं होतं, तरी उतरणं चालूच राहिलं. खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग सराव. अंदाज बांधणारं एआय मॉडेल अचूकतेच्या कोणत्या आकड्याखाली लाइव्ह करायचं, म्हणजे प्रत्यक्ष कामाला लावायचं नाही, हे आधीच कागदावर लिहायचं. ज्युनियर ‘थांबवा’ म्हणाला की सिनियरने आधी जुनी आवृत्ती परत आणायची, कारण नंतर विचारायचं. माझ्या टीममधल्या मुलीचा पहिल्यांदा आवाजच फुटेना. तिसऱ्या खेपेला ती टेबलावर हात ठेवून म्हणाली, ‘मॅडम, थांबवा.’ मला फार बरं वाटलं. अनेक विमान कंपन्या गो-अराउंड केल्याबद्दल वैमानिकावर कारवाई करत नाहीत. हे आमच्या डायरेक्टरांनी ऐकायला हवं होतं.

उणीव एआयच्या बाजूला आहे. विमानाचा स्वभाव आपोआप बदलत नाही, पण मॉडेल ज्या डेटावर चालतं तो बदलत राहतो. गणपती-दिवाळीच्या हंगामात मागणीची चाल बदलते आणि काल बरोबर असलेला अंदाज आज घसरतो. लाइव्ह झाल्यानंतर रोज काय बघायचं, असं मी विचारलं, त्याचं उत्तर तोकडं होतं. हातात दिलेली टिपणंही फक्त इंग्रजीत आहेत आणि लहान टीमला फी जड जाते.

तरीही जा म्हणेन. एकट्या ज्युनियरला मात्र पाठवू नका, लाइव्हची परवानगी देणाऱ्यानेही शेजारी बसावं. कार्यशाळेच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सरांनी मॉडेलं चालवलेला कुणी सोबतीला घेतला, तर उरलेली टीमही मी पाठवीन.