कॉलेज पार्कमधली रेल्वे-मूल्यांकनाची दप्तरं: काय मिळतं, कुठे अडतं

अमेरिकेतल्या जुन्या रेल्वेमार्गांचा अभ्यास करणाऱ्यांसाठी मेरीलँडमधल्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या कॉलेज पार्क शाखेला तोड नाही. आंतरराज्य वाणिज्य आयोगाची, म्हणजे रेल्वेवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी संस्थेची, मूल्यांकनाची दप्तरं (रेकॉर्ड ग्रुप, म्हणजे संग्रह क्रमांक, 134) इथे फुकट वाचता येतात. फोटो ओळखपत्र दाखवून वाचककार्ड काढायचं, पिशवी आणि पेन लॉकरमध्ये ठेवायचं. आत लिहायला फक्त पेन्सिल.

ही दप्तरं कशासाठी केली हे ठाऊक नसेल तर आकडे वाचताना फसगत होते. रेल्वेचे भाडेदर ठरवताना कंपनीच्या मालमत्तेचं रास्त मूल्य धरलं पाहिजे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 1898 मध्ये स्मिथ विरुद्ध एम्स खटल्यात दिला. ते मूल्य मोजण्यासाठी 1913 चा कायदा आला. मूळ खर्च, नव्याने बांधायचा खर्च आणि त्यातून घसारा वजा करून उरणारा खर्च, असे तीन आकडे काढायचे होते. जुने हिशेब गहाळ असल्याने मूळ खर्च कित्येकदा सापडत नाही, तेव्हा त्यावर विसंबून राहू नका.

खरा खजिना नकाशांत आहे. शीट साधारण 24 बाय 56 इंचांची, प्रमाण बहुतेकदा 1 इंचाला 100, 200 किंवा 400 फूट. रुळांच्या कडेने स्टेशनिंगचे, म्हणजे ठरलेल्या बिंदूपासून मोजलेल्या अंतराचे, आकडे असतात: 125+40 म्हणजे शून्यबिंदूपासून 12,540 फूट. हा मैलाचा दगड नव्हे. इथेच नवखे चुकतात. शीटवरच्या जमिनीच्या तक्त्यात तुकड्याचा क्रमांक, विकणारा, घेणारा आणि दस्ताची तारीख मिळते. हद्दीच्या वादात एवढा एक तक्ता पुष्कळ काम करतो.

शोध घेताना आजच्या कंपनीचं नाव घातलंत तर हाती काही लागणार नाही. मार्ग भाड्याने चालवणारी कंपनी वेगळी आणि मालक वेगळी असे, म्हणून त्या काळच्या मालक कंपनीचं नाव आधी काढा. मग व्हॅल्युएशन सेक्शनचा, म्हणजे मूल्यांकनासाठी पाडलेल्या मार्गाच्या भागाचा, क्रमांक. हे सेक्शन राज्याच्या सीमेवर तुटतात, त्यामुळे दोन राज्यांतल्या मार्गाला दोन क्रमांक लागतात.

आयोगाकडे दाखल झालेली प्रत बहुतांशी 1910 च्या दशकातली स्थिती दाखवते. पुढचे फेरफार हवे असतील तर कंपनीची स्वतःची, वेळोवेळी दुरुस्त केलेली प्रत शोधावी लागते. नकाशे आणि अभियंत्यांचे अहवाल वेगवेगळ्या वाचनकक्षांत मागवावे लागतात. एकाच दिवशी दोन्ही उरकायचा बेत करू नका.