कांगारूच्या कातड्याच्या नावाखाली रेक्झिन: चाबूक मागवण्याआधी हे वाचा

हॉलिवूडच्या चित्रपटांतला नायक इंडियाना जोन्स याचा चाबूक हुबेहूब बनवून देतो असं सांगून एका विक्रेत्यानं माझ्याकडून साडेअठरा हजार रुपये घेतले आणि नायलॉनच्या दोरावर रेक्झिनच्या पट्ट्या विणून पाठवल्या. पैसे गेल्याचं दुःख आहेच. पण तो चाबूक फिरवताना तुटला आणि तुटलेला भाग माझ्या धाकट्या चुलत भावाच्या कानाजवळून गेला, म्हणून हे सविस्तर लिहितोय. दोंडाईचा, शहादा, शिरपूर, अमळनेर या पट्ट्यातल्या बऱ्याच पोरांच्या मोबाईलवर हीच जाहिरात फिरते आहे. त्यांच्यापर्यंत हे पोचावं.

आधी खरी वस्तू काय असते ते सांगतो, कारण ते माहीत नसल्यामुळेच या लोकांचा धंदा चालतो. इंडियाना जोन्सचा पहिला चित्रपट 'रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क' 1981 साली आला. त्यातला आणि पुढच्या दोन चित्रपटांतला चाबूक अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यातल्या डेव्हिड मॉर्गन यांनी बनवला होता. कांगारूचं कातडं, बारा पेडांची गुंफण, आठ इंचाची मूठ, मुठीच्या बुडाशी मनगटात अडकवायची वादी. चित्रीकरणात वेगवेगळ्या लांबीचे चाबूक वापरले गेले, पण लोकांच्या डोक्यात बसला तो दहा फुटी. कांगारूच का, तर ते कातडं पातळ असूनही विलक्षण चिवट असतं. त्याची अगदी बारीक वादी कापली तरी ती ताणाला तुटत नाही, त्यामुळे वीण घट्ट बसते आणि चाबूक टोकाकडे निमुळता होत जातो. असा चाबूक हातानं विणायला खूप वेळ लागतो आणि परदेशातल्या चांगल्या कारागिराकडे त्याला शेकडो डॉलर मोजावे लागतात. 2025 च्या जुलैत तर तिसऱ्या चित्रपटातला एक चाबूक अमेरिकेत लिलावात सव्वापाच लाख डॉलरला गेला. अशी बातमी आली की नकला विकणारेही जोरात कामाला लागतात.

खानदेशात चाबूक ही काही नवलाची वस्तू नाही. दत्तजयंतीला सारंगखेड्याची यात्रा भरते, तापीकाठी घोड्यांचा एवढा मोठा बाजार लागतो, तिथे खोगीर, लगाम, घुंगरमाळा, चाबूक सगळं मिळतं. पण आपल्याकडचा चाबूक म्हणजे लाकडी दांडी आणि तिच्या टोकाला बांधलेली वादी. सिनेमातल्या चाबकात दांडी वेगळी नसते. मूठ आणि चाबूक एकाच विणीत चालत जातात. आतमध्ये काय आहे हे वरून कळत नाही, आणि फसवणारा नेमका तिथेच हात मारतो.

माझी इच्छा साधी होती. चाबूक कडाडवणं ही परदेशात रीतसर शिकली जाणारी कला आहे, तिच्या स्पर्धा होतात, आणि मला ती शिकायची होती. जाहिरातीत लिहिलं होतं: 'अस्सल कांगारू, बारा पेडी, दहा फूट, हाताने विणलेला, मूळ किंमत 38,000, आज फक्त 18,500.' सोबत फोटो होते, बारीक चौकड्यांची सुरेख वीण, मुठीवर घट्ट गाठ. एक व्हिडिओ होता, त्यात एक माणूस मोकळ्या मैदानात चाबूक फिरवतोय आणि बंदुकीच्या बारासारखा आवाज येतोय. मी फोन केला. पलीकडचा माणूस अतिशय नम्रपणे बोलला. 'साहेब, आम्ही पिढीजात कारागीर आहोत' म्हणाला. रंग कोणता हवा, लांबी किती हवी, विचारा ते 'आहे, आजच पाठवतो' हेच उत्तर. घरी येऊन पैसे घेण्याची सोय नाही, कारण 'मौल्यवान माल आहे'. अर्धे पैसे आगाऊ, उरलेले पार्सल निघाल्यावर. दोन्ही वेळा पैसे एका व्यक्तीच्या खात्यात गेले, दुकानाच्या नव्हे.

पार्सल उघडलं तेव्हा चामड्याचा उग्र वास आला. सोनेरी शिक्का मारलेलं प्रमाणपत्र होतं, कापडी पिशवी होती. चाबूक दिसायलाही बरा होता. मात्र फितीनं मोजला तर विणलेला भाग जेमतेम साडेसहा फूट भरला. पुढे एक सपाट लांब पट्टा आणि त्याच्या टोकाला दोऱ्याचा झुबका, हे सगळं धरून दहा फूट. विचारल्यावर तो म्हणाला, 'असंच मोजतात साहेब.' हे खोटं आहे. या चाबकाची लांबी मुठीच्या बुडापासून जिथे वीण संपते तिथपर्यंतच धरतात. पुढचा पट्टा आणि टोकाचा झुबका झिजणाऱ्या वस्तू आहेत, त्या वरचेवर बदलाव्या लागतात, म्हणून त्या मापात येत नाहीत.

गावाबाहेरच्या पडीक शेतात मी तो फिरवून पाहिला. आवाज येईना. चाबूक हवेत नुसता लोळत होता. आणखी जोर लावला आणि मुठीच्या पुढचा सांधाच उखडला. मूठ माझ्या हातात राहिली, बाकी सगळा दोर समोर फेकला गेला. भाऊ बाजूला उभा राहून मोबाईलवर चित्रण करत होता. वीतभर अलीकडून गेला असता तर त्याच्या डोळ्याचं काय झालं असतं, हा विचार अजून माझ्या मनातून जात नाही.

तुटलेला चाबूक घेऊन मी शहाद्याकडच्या एका म्हाताऱ्या खोगीर दुरुस्त करणाऱ्यांकडे गेलो. त्यांना सगळे आप्पाच म्हणतात. आयुष्यभर त्यांनी कातडं हाताळलंय. त्यांनी तो हातात घेतला, अंगठ्याच्या नखानं पट्टी दाबली, नाकाजवळ नेली आणि म्हणाले, "भाऊ, हाई चामडं नई शे." वास चामड्याचा येतोय की, मी म्हणालो. त्यांनी ओल्या फडक्यानं पट्टी पुसली. फडक्यावर तपकिरी रंग उतरला आणि वास फडक्याला गेला. रापीनं पट्टीचं टोक तिरकं कापून मला दाखवलं. वर गुळगुळीत पापुद्रा आणि खाली विणलेलं कापड. खऱ्या कातड्याच्या कापलेल्या कडेला आरपार तंतू दिसतात, कापड कुठेच नसतं. मग चिमटीएवढा तुकडा पेटवला. तो वितळून काळा मणी झाला. कातडं जळताना केस जळाल्याचा वास येतो आणि मागे चुरा होणारी राख उरते.

मग त्यांनी मूठ उभी चिरली. आत एक लाकडी काठी, तिच्याभोवती स्पंज, आणि बुडाशी वजन यावं म्हणून कोंबलेला लोखंडी नट. पुढे बाजारात मिळतो तो साधा नायलॉनचा दोर, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच जाडीचा. मुठीचा आणि दोराचा संबंध फक्त वरच्या रेक्झिनच्या विणीनं आणि थोड्या डिंकानं जोडलेला. बारा पेड होते, पण मुठीपुरते. मुठीच्या पुढच्या गाठीखाली आठ पेड कापून संपवले होते आणि पुढे सगळीकडे चारच पट्ट्या. "वरतीन साजरं, मझार काहीच नई," आप्पा म्हणाले आणि तुकडे माझ्यापुढे ठेवले. पैसे घ्यायला त्यांनी साफ नकार दिला.

खऱ्या चाबकात आत काय असतं ते मी नंतर नीट समजून घेतलं. मुठीत पोलादी सळई असते. तिच्याभोवती कातड्याचाच विणलेला गाभा, त्यावर कातड्याचं गुंडाळलेलं अस्तर, त्यावर पुन्हा विणलेला थर, पुन्हा अस्तर, आणि मग वरची बारा पेडांची वीण. गाभा मुठीवरून पुढे चाबकात चालत जातो, म्हणून सांधा असा उरतच नाही. पुढे जाताना पेड एकेक जोडीनं आत दडवत कमी केले जातात, बारावरून दहा, आठ, सहा. पेड इथेही कमी होतात, पण हळूहळू, चाबूक बारीक होत जाईल तसे. हा निमुळतेपणा शोभेसाठी नसतो. हात फिरवला की चाबकात एक वळसा तयार होतो आणि तो मुठीकडून टोकाकडे धावतो. जाडी आणि वजन कमी होत जाईल तसा त्याचा वेग वाढतो, आणि टोकाशी तो आवाजाच्या वेगाच्या, म्हणजे सेकंदाला सुमारे 340 मीटरच्या, पलीकडे जातो. तो कडाड आवाज हवेतल्या त्या धक्क्याचा असतो, चाबूक कशावर आपटल्याचा नसतो. एकाच जाडीच्या दोराला हे जमणं फार अवघड. न वाजणारा चाबूक माणूस जास्त जोरानं फिरवतो आणि तिथेच अपघात होतो. अशी वस्तू 'शिकणाऱ्यांसाठी उत्तम' म्हणून विकणाऱ्याला मी नुसता लबाड म्हणणार नाही, तो लोकांच्या डोळ्यांशी खेळतोय.

मी फोटो पाठवून पैसे परत मागितले. पुन्हा तोच गोड आवाज. 'साहेब, चूक झाली, लगेच परत करतो,' म्हणून त्यानं एक क्यूआर कोड पाठवला. तो स्कॅन करा, रक्कम दिसेल, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात जमा. इथे मी थांबलो. पैसे घ्यायला कधीही पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. मी नाही म्हटल्यावर त्याची भाषा बदलली, शिवी आली, आणि नंबर बंद झाला.

त्यानंतर 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि सरकारी सायबर पोर्टलवर व्यवहारांचे क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट, फोटो जोडले. या नंबरवर फोन जितका लवकर जाईल तितकी समोरच्या खात्यातली रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त. माझ्या बाबतीत पार्सल यायलाच वेळ लागला होता, तोवर खातं रिकामं झालेलं. ग्राहक हेल्पलाइन 1915 वरही तक्रार दिली. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात दाद मागता येते, विक्रेता कुठल्या का गावचा असेना. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तक्रारीचं शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची. म्हणजे दोंडाईच्याच्या माणसाला धुळ्यातच अर्ज देता येतो. अडचण एकच, समोरच्याचं खरं नाव आणि पत्ता हवा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनी ऑनलाइन विक्रेत्यांवर नाव, पत्ता, तक्रार ऐकणारा अधिकारी आणि परदेशी माल असेल तर मूळ देश दाखवण्याचं बंधन घातलंय. या माणसाच्या पानावर यातलं काही नव्हतं. तुम्ही पैसे देण्याआधी एवढं तरी शोधाच. पत्ता सापडला नाही तर पुढचं काही बघूच नका.

आणि चाबूक खरंच घ्यायचा असेल तर विक्रेत्याला वरच्या विणीबद्दल विचारू नका, आतलं विचारा. गाभा कशाचा, अस्तर किती, मुठीत सळई कसली. विणकाम चालू असतानाचे, वरची वीण चढवण्याआधीचे फोटो मागा. खरा कारागीर ते आनंदानं दाखवतो, कारण त्याची सगळी मेहनत तिथेच असते. त्याच कातड्याचं एक कातरण टपालानं मागवा, पाच-पंचवीस रुपये जास्त गेले तरी चालतील, आणि ते कापून, जाळून बघा. तुमचं नाव आणि तारीख लिहिलेला कागद शेजारी ठेवून काढलेला व्हिडिओ मागा. जाहिरातीतले फोटो इंटरनेटवर उलट शोधून पाहा. मी नंतर शोधले, ते एका परदेशी कारागिराच्या कामाचे निघाले. कोणत्याही लांबीचा, कोणत्याही रंगाचा चाबूक 'आजच पाठवतो' म्हणणाऱ्यापासून लांब राहा. हातानं विणणाऱ्याकडे बहुतेक वेळा थांबावं लागतं.

पार्सल फोडताना सलग व्हिडिओ काढा. मूठ आडवी धरा. चांगला चाबूक मुठीपुढे थोडा ताठ राहून मग सावकाश कमानीत वाकतो, वाईट चाबूक गाठीपासून सरळ खाली लोंबतो. विणीवर बोट दाबून फिरवा, फटी किंवा गुठळ्या लागल्या तर तो फिरवू नका. नवशिक्याला दहा फुटीची गरजही नाही, सहा ते आठ फूट पुरे. खरं तर शिकायला नायलॉनच्या दोरीचा नीट विणलेला चाबूक घ्यावा. तो नायलॉनचा आहे असं सांगूनच विकतात, पावसात भिजला तरी बिघडत नाही, आणि किंमत कातड्याच्या मानानं किती तरी कमी. डोळ्यांवर चष्मा, डोक्यावर टोपी, अंगात पूर्ण बाह्या, आणि चाबकाच्या लांबीच्या दुप्पट अंतरात कोणी उभं नको, लहान मूल तर मुळीच नको.

तो विक्रेता आता दुसऱ्या नावानं परत आलाय. फोटो तेच, व्हिडिओ तोच, किंमत तेवढी दोन हजारांनी खाली आणली आहे. 'अस्सल कांगारू' आणि 'आजच पाठवतो' असं एकत्र लिहिलेली जाहिरात दिसली तर पैसे पाठवू नका, स्क्रीनशॉट घ्या आणि सायबर पोर्टलवर टाका. तुमचेही पैसे असेच गेले असतील तर स्वतःची तक्रार वेगळी नोंदवा. एकाच खात्यावर अनेक तक्रारी जमल्या तर पोलिसांनाही ते प्रकरण बाजूला टाकता येणार नाही.