हरिश्चंद्राची फॅक्टरी: साड्या, मिशा आणि साठ माणसांचा स्वयंपाक

प्रायोगिक नाटकांचे कपडे सांभाळण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. त्यामुळे एखादा सिनेमा कसा घडला याची गोष्ट बघताना नायकापेक्षा त्याच्या मागे कोण काय उचलतंय, कोण कुणाला काय नेसवतंय, हेच मला आधी दिसतं. परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' या नजरेला पुरून उरला. 2009 चा सिनेमा, लांबी दीड तासाच्या आसपास, आणि गोष्ट दादासाहेब फाळक्यांनी 'राजा हरिश्चंद्र' कसा केला त्याची. त्या वर्षी ऑस्करसाठी भारतातर्फे हाच गेला होता. ते सगळं ठीक, मला साड्यांबद्दल बोलायचंय.

तारामती कोण करणार, हा त्या काळी सगळ्यात अवघड प्रश्न. कॅमेरा विलायतेहून आणता आला, बाई मिळेना. फाळक्यांनी जाहिराती दिल्या, कोठ्यांवर जाऊन विचारलं, तिथूनही नकार आला. शेवटी ग्रँट रोडच्या एका खानावळीतला अण्णा साळुंके तारामती झाला. इथे मोकाशी छान रमलेत. बाप्ये दिवसभर लुगडी नेसून वावरतायत, घरकाम करतायत, आणि मिशी काढायची म्हटली की सगळ्यांचे चेहरे पडतायत, कारण बाप जिवंत असताना मिशी कशी काढायची? थिएटरात हशा पिकतो, पण यात कुणाची टिंगल नाही. साडी नेसवलेला माणूस आणि साडी नेसलेला माणूस यांतला फरक आम्हाला लांबून कळतो. पहिल्याचे हात अंगापासून सुटे राहतात, पदराला हात लावायचीच त्याला भीती. दुसऱ्याच्या लक्षातही नसतं की आपण काही नेसलोय. पहिल्याचा दुसरा व्हायला तालमीच लागतात, पर्याय नाही. हे फाळक्यांना कळलं होतं आणि मोकाशींनाही कळलंय.

नंदू माधव फाळके झालेत. थोर माणसाची भूमिका मिळाली की आपले नट मान वर करून क्षितिजाकडे बघायला लागतात, तसं इथे कुठेही नाही. हा माणूस सतत लुडबुडतो. घरातलं सामान विकतो, कुंडीतल्या रोपाचं कॅमेऱ्यातून चित्रण करून भांडवलदारांना दाखवतो, लंडनला जाऊन 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या संपादकाच्या दारात उभा राहतो. शेजारपाजाऱ्यांना तो वेडा वाटतो आणि मलाही थोडा वाटला. नितीन चंद्रकांत देसाईंनी उभी केलेली जुनी मुंबई आहे. कॅमेरा बऱ्याचदा एका जागी ठाण मांडून बसतो आणि माणसं चौकटीत ये-जा करतात, नाटकासारखी. मोकाशी मुळात रंगभूमीवरचे, ते जाणवतं. काहींना हे साचेबद्ध वाटतं. मला आवडलं, कारण फाळक्यांचा कॅमेराही असाच समोर ठेवलेला असायचा.

आता सरस्वतीबाई, म्हणजे फाळक्यांची बायको. त्या भूमिकेतलं विभावरी देशपांडेंचं काम सिनेमाभर प्रसन्न आहे, आणि माझी तक्रार नेमकी त्या प्रसन्नपणाबद्दल आहे. तेव्हा कच्ची फिल्म कडेच्या भोकांशिवाय यायची. ती भोकं यंत्रावर पाडायची, तीही अंधारात, नाहीतर फिल्म वाया. हे काम सरस्वतीबाईंनी केलं. फिल्म धुण्यातही त्यांचा हात होता. वर साठेक माणसांचा स्वयंपाक, मुलं, आणि दागिने गहाण टाकणं. सिनेमात यातलं बरंच काही आहे, पण सगळं हसतखेळत, आनंद मोडकांच्या संगीतावर भुर्रकन निघून जातं. फाळक्यांची दृष्टी जाण्याचा प्रसंगसुद्धा पुरता टोचायच्या आत संपतो. मोकाशींना रडगाणं नको होतं हे समजतं. तरी त्या बाईचे दुखणारे खांदे एकदा तरी दिसायला हवे होते. रात्री प्रयोग संपल्यावर पेट्या भरणाऱ्या कुणालाही विचारा, 'हौसेनं केलं' हे वाक्य नेहमी दुसराच म्हणतो.

नाव मात्र झकास. सिनेमात काम करतो म्हटलं तर लोक नाक मुरडायचे, म्हणून फाळक्यांनी आपल्या माणसांना शिकवलं होतं की कुणी विचारलं तर हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत आहे म्हणून सांगा. आमच्यातही बँकेत नोकरी करतो एवढंच सांगून संध्याकाळी तालमीला पळणारे काय कमी होते!

गोष्ट 'राजा हरिश्चंद्र'च्या यशाभोवती थांबते. 3 मे 1913 ला गिरगावच्या कोरोनेशन थिएटरात तो लोकांसमोर आला. पुढे कंपनी निघाली, भागीदारांशी बिनसलं, बोलपट आल्यावर फाळके मागे पडले आणि 1944 साली नाशिकला वारले, तेव्हा फारशी कुणी दखल घेतली नाही. यातलं काही इथे नाही आणि नसल्याचं मला वाईट वाटलं नाही. तो वेगळा, जड सिनेमा झाला असता.

बघणार असाल तर घरातल्या पोरांना घेऊन बघा, त्यांना कंटाळा येणार नाही. नंतर 'राजा हरिश्चंद्र'ची उरलेली रिळंही पाहून घ्या. ती 1913 ची की 1917 साली पुन्हा केलेल्या आवृत्तीची, यावर अभ्यासकांचा वाद आहे, तो त्यांना घालू दे. त्यात तारामती आणि तिच्या सख्या हौदात भिजताना दिसतात, सगळे बाप्ये, ओल्या साड्यांत. ओली साडी अंगावर सावरणं किती कठीण असतं ते मला माहीत आहे, म्हणून मी ते दृश्य परत परत पाहिलं. याच साळुंक्यांनी 1917 च्या 'लंका दहन'मध्ये राम आणि सीता दोन्ही केले. 'फॅक्टरी'त त्यांच्या वाट्याला आणखी दोन-तीन प्रसंग आले असते, तर मी तिकिटाचे जास्त पैसे द्यायलाही तयार होते.