पहिली ते चौथी: शिकवणी लावायची की घरीच अभ्यास घ्यायचा?

थोरली तिसरीत असताना तिच्या वहीत एक गणित सापडलं. ५२ वजा २७, उत्तर १५. वरच्या ५ वर काट मारून ४ केलेले, म्हणजे दशक सुटा केला होता. शाळेत तसंच शिकवतात. पण खालच्या २ शेजारीही बारीकसा १ लिहिलेला. तो हातचा. क्लासच्या बाई जुन्या वळणाच्या, वरच्याला दहा देऊन खालच्यात एक मिळवणाऱ्या. माझ्या आईनंही मला तसंच शिकवलेलं. दोन्ही रीती बिनचूक आहेत, कुठलीही एक धरली तर उत्तर २५ येतं. पोरीनं दोन्ही एकाच गणितात वापरल्या. वर एक कमी केला, खाली एक वाढवला, चारातून तीन गेले, उरला एक.

तिला विचारलं, तर म्हणाली, "टीचर म्हणतात वर कर, क्लासच्या बाई म्हणतात खाली कर. मी दोघींचं ऐकलं."

त्या १५ वरून आमचा क्लास सुटला. धाकट्याला तो लावलाच नाही. त्यामुळे दोन्ही वाटा घरात पाहून झाल्या आहेत, आणि दर जूनमध्ये कुणी ना कुणी मैत्रीण विचारते, "लावू का गं शिकवणी?" दोन मुलं सारखी नसतात, तेव्हा आमच्याकडे झालं तेच तुमच्याकडे होईल असं नाही. पण ठरवताना काय तपासायचं हे मला आता बऱ्यापैकी कळलं आहे.

गरज अभ्यासाची की संध्याकाळची?

आधी हे स्वतःशी खरं बोला. आम्ही थोरलीला क्लास लावला तेव्हा सगळ्यांना सांगितलं, "गणित कच्चं आहे." खरं कारण असं होतं की ती पाचला घरी यायची आणि आम्ही दोघं सातला. दोन तास तिला कुठेतरी सुरक्षित बसवायचं होतं. माझ्या ओळखीतल्या निम्म्या शिकवण्या अशाच आहेत. त्यात लाजण्यासारखं काही नाही, नोकरी करणाऱ्या आईबापांनी दुसरं करायचं काय? फक्त मग शोधतानाही तेच शोधावं. सांभाळ हवा असेल तर पाळणाघर, शेजारच्या आजी, मैदानावरचा खो-खोचा सराव, चित्रकलेचा वर्ग, यातलं काहीही चालतं, आणि सहा तास बाकावर बसून आलेल्या मुलाला ते बहुधा जास्त आवडतं. सांभाळाला शिकवणी म्हटलं की आपणच फसतो. मूल दोन तास "अभ्यास करून" आलं म्हणून आपण वही उघडत नाही. आमची तीन महिने उघडली गेली नव्हती.

दहा मिनिटांची पारख

गरज खरोखरच अभ्यासाची असेल, तर किती आहे ते घरीच कळतं. 'प्रथम' संस्थेची 'असर' पाहणी गावोगाव घरी जाऊन ज्या रीतीनं मुलांची चाचणी घेते, ती रीत साधी आहे आणि कुणालाही जमेल अशी आहे. वाचनाच्या चार पायऱ्या: अक्षरं, सुटे शब्द, पहिलीच्या पातळीचा छोटा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. गणितातही चारच: एक अंकी संख्या ओळखणं, दोन अंकी ओळखणं, हातच्याची दोन अंकी वजाबाकी, आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागणं. मूल कुठल्या पायरीवर अडतं ते बघायचं. मुलाला परीक्षा आहे असं सांगू नका आणि मध्ये बोलू नका. दुसरं मला फार जड गेलं.

चौथीतलं मूल दुसरीची गोष्ट सलग वाचत असेल, वाचलेलं सांगत असेल, वजाबाकी त्याला येत असेल, तर शिकवणीची गरज नाही. प्रगतिपत्रकावर काहीही श्रेणी असो. तिसरीतलं मूल अजून सुट्या शब्दांवर अडत असेल, तर मात्र त्याला कुणीतरी रोज जवळ घेऊन बसायला हवं. ते कुणीतरी घरचं असेल की बाहेरचं, एवढाच मग प्रश्न उरतो.

शिकवणीकडे ओढा वाढतो आहे हे खरंच. याच पाहणीनुसार ग्रामीण भारतात पहिली ते आठवीतल्या पैसे भरून शिकवणीला जाणाऱ्या मुलांचं प्रमाण २०१८ मध्ये २६.४ टक्के होतं, २०२२ मध्ये ते ३०.५ टक्के झालं. पण शेजारचा जातो हे आपल्या मुलाला पाठवायचं कारण नव्हे.

घरी: वेळ, भाषा आणि राग

घरच्या अभ्यासाला लोकांना वाटतो तितका वेळ लागत नाही. पहिली-दुसरीला वीस मिनिटं, तिसरी-चौथीला अर्धा तास, पण रोज. रविवारी तीन तास बसवून भरपाई होत नाही, करून पाहिलं आहे. २०२४-२५ पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी ९ किंवा त्यानंतर भरवायचा सरकारचा आदेश आहे. ज्या शाळा तो पाळतात तिथल्या मुलांना सकाळी आंघोळ-नाश्ता उरकल्यावर पंधरा-वीस मिनिटं मोकळी मिळतात. आम्ही धाकट्याचं वाचन तिथे बसवलं. मी पोळ्या लाटते, तो ओट्याशेजारच्या स्टुलावर बसून एक पान मोठ्यानं वाचतो. अडला की मी "पुन्हा" म्हणते, बाकी काही नाही. संध्याकाळी फक्त गणित आणि गृहपाठ. याच वर्गांना क्लास लावला तर तो आपोआप सहाच्या पुढे जातो, आणि त्या वेळेला मूल दमून गेलेलं असतं.

घरचा दुसरा फायदा असा की आकडे हवेत राहत नाहीत. मराठी संख्यावाचन मुलांना अवघड जातंच. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस' बरोबर 'वीस एक' आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता! विनोद पुष्कळ झाले, पण मूळ अडचण खोटी नव्हती. त्रेसष्ट म्हणताना तीन आधी येतो, लिहिताना सहा आधी. आणि 'एकोण' तर निव्वळ सापळा. धाकटा एकोणपन्नास ऐकून बिनदिक्कत ५९ लिहायचा, कारण कानावर 'पन्नास' पडलं. वहीत पन्नास वेळा लिहून ते सुटलं नाही. भाजीवाल्या मावशींकडे सुटलं. बिल झालं एकोणपन्नास, हातात पन्नासची नोट, "किती परत येतील रे?" रुपया हातात आल्यावर त्याला 'एकोण' म्हणजे एक कमी हे कळलं. असं शिकवायला क्लासच्या बाईंना सवड नसते. त्यांच्यासमोर दहा मुलं आणि पाच इयत्ता असतात.

इंग्रजी माध्यमाचा प्रश्न वेगळा आहे, आणि शिकवणीचं सगळ्यात मोठं कारण तोच. आईबाप मराठी शाळेत शिकलेले, मुलाच्या पुस्तकातला प्रश्न वाचतानाच ते अडखळतात. यावर एक स्वस्त उपाय आहे. मूल राज्य मंडळाच्या शाळेत असेल तर त्याच इयत्तेचं मराठी माध्यमाचं गणिताचं पुस्तक बालभारतीच्या संकेतस्थळावरून पीडीएफमध्ये फुकट उतरवून घेता येतं. दोन्ही शेजारी ठेवा. समजावून मराठीत सांगा, शब्द मात्र त्याच्या पुस्तकातले वापरू द्या. अपूर्णांक समजायला भाकरीचे चार तुकडे लागतात, इंग्रजी लागत नाही. इंग्रजी विषयाचं मात्र असं चालत नाही. घरात कुणालाच ते येत नसेल तर त्या एका विषयाला मदत घ्या, सगळ्या विषयांना नको.

आता राग. घरचा अभ्यास वेळेअभावी मोडतो असं लोक सांगतात. माझ्या मते तो रागानं मोडतो. परक्याच्या मुलाला चौथ्यांदा समजावताना आपला आवाज चढत नाही, स्वतःच्याला दुसऱ्यांदाच चढतो. थोरलीला पाढे घेताना मी एकदा वही फेकली होती. त्यानंतर महिनाभर ती सातचा पाढा माझ्यासमोर म्हणताना अडखळायची आणि आजोबांसमोर घडाघडा म्हणायची. तुमच्या घरी रोज संध्याकाळी रडारड होत असेल, तर अभ्यास घेणारं माणूस बदला. आईऐवजी बाबा, बाबांऐवजी आजी. घरात तसं कुणीच नसेल तर शिकवणी लावा, आणि मन खाऊ देऊ नका. शांत परक्या बाई रागावलेल्या आईपेक्षा बऱ्या.

शिकवणी लावायचीच ठरली, तर

जूनमध्ये नको. नवा वर्ग, नव्या बाई, पुन्हा नवा क्लास असं सगळं एकदम मुलावर येऊ देऊ नका. पहिली घटक चाचणी होऊ द्या, पालकसभेला जा, आणि वर्गशिक्षकांना "कसा आहे?" असं न विचारता "नेमकं कुठे अडतो?" असं विचारा. पहिल्या प्रश्नाला "छान आहे, थोडा बोलतो" हेच उत्तर मिळतं.

शाळेतल्या बाईंकडेच शिकवणी लावायचा मोह होतो, बऱ्याचदा आडून सुचवलंही जातं. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम २८ नुसार शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी यात एक पेच आहे: जी गोष्ट वर्गात शिकवायची तीच बाहेर विकली जात असेल, तर वर्गात ती किती शिकवली जाईल?

केंद्राच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचना सोळा वर्षांखालच्या मुलांना कोचिंग सेंटरमध्ये घेऊ नका म्हणतात. पण त्या पन्नासहून जास्त विद्यार्थी असलेल्या सेंटरसाठी आहेत, कुणाच्या हॉलमध्ये सतरंजी टाकून चालणाऱ्या शिकवणीला त्या लागत नाहीत. तेव्हा पारख तुम्हालाच करावी लागेल. एक दिवस मुलाला सोडायला म्हणून जा आणि पंधरा मिनिटं दाराशी थांबा. मुलं शाळेचा गृहपाठच उतरवत बसली आहेत का? मग तुम्ही पैसे देऊन गृहपाठ पूर्ण करून घेताय, बाकी काही नाही. एका वेळी पाच-सहापेक्षा जास्त मुलं असतील तर तुमच्या मुलाच्या वाट्याला बाईंची पाच-दहा मिनिटं येतात, तेवढी घरीही मिळतील. वजाबाकी कुठल्या रीतीनं शिकवता हे नक्की विचारा, आणि शाळेची वही दाखवून "याच रीतीनं" असं स्पष्ट सांगा. बाईंना राग आला तर तेही कळलेलं बरं. फीचंही तेव्हाच बोलून घ्या: दिवाळीच्या आणि मे महिन्याच्या सुट्टीची फी घेतात का, मध्येच सोडलं तर काय? आमच्याकडे हे बोलणं राहून गेलं आणि मे महिन्याचे पैसे गेले.

दोन्ही एकदम मात्र करू नका. क्लासहून आलेल्या मुलाला जेवणाआधी पुन्हा उजळणीला बसवणं म्हणजे एकाच दिवसात तीन शाळा.

मोबाइलवरच्या अॅपचं थोडक्यात सांगते. 'दीक्षा'वरचे धडे फुकट आहेत, पाठ्यपुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की उघडतात. मूल आजारी पडून आठवडा बुडाला तर त्याचा उपयोग होतो. एरवी या वयाचं मूल व्हिडिओ बघतं, मान हलवतं आणि वहीत तेच चुकवतं. शेजारी माणूस बसलेलं लागतंच, आणि माणूस बसणारच असेल तर पुस्तक पुरतं. वाचायला गोष्टी हव्या असतील तर 'स्टोरीवीव्हर'वर मराठी पुस्तकं फुकट मिळतात, ती मोबाइलवरही चालतात.

शिष्यवृत्तीचं वर्ष असेल तर हिशेब थोडा बदलतो. त्या परीक्षेत प्रत्येकी दीडशे गुणांचे दोन पेपर, दीड तासात ७५ प्रश्न आणि बुद्धिमत्ता चाचणी हा शाळेत फारसा न शिकवला जाणारा भाग. त्यासाठी काही महिन्यांचा वेगळा वर्ग लावणं मला पटतं, मुलाला कोडी सोडवायची हौस असेल तर. नसेल तर त्याला त्यात ढकलू नका, ती परीक्षा ऐच्छिक आहे.

आणि लावलेली शिकवणी बंद करायची तारीख आधीच ठरवा. दिवाळी ही चांगली वेळ. सुट्टीत वह्या दप्तरात राहू द्यात, किल्ला करू द्यात. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या रविवारी कोऱ्या कागदावर पाच वजाबाक्या द्या, एक तरी शून्याची, ४०३ वजा १५७ सारखी, आणि स्वयंपाकघरात निघून जा. पाचातल्या चार आल्या, तर बाईंना फराळाचा डबा घेऊन भेटा, आभार माना आणि पुढच्या महिन्यापासून येणार नाही म्हणून सांगा.