कुत्र्याची चाकगाडी, सहा महिने वापरल्यानंतर: गाडी टिकली, वेल्क्रोनं छळलं

काल संध्याकाळी वेल्क्रो परत सुटला. टायगर, म्हणजे मागचे पाय गेलेला आमचा कुत्रा, मागचं अंग चाकांवर तोलून धरणाऱ्या गाडीत बांधाच्या उतारावर होता. कमरेचा पट्टा खर्रकन उघडला, गाडी कलंडली आणि चोवीस किलोचं जनावर कुशीवर पडलं. ढेकळांत पडलं म्हणून लागलं नाही. दिवाळीत मी या गाडीला दोन तारे देऊन चार ओळी खरडल्या होत्या. त्यातलं निम्मं आता मलाच चुकीचं वाटतंय, म्हणून सविस्तर लिहिते.

टायगर कारवानी जातीचा शिकारी कुत्रा आहे, आमच्याच चाकूर तालुक्यातल्या जानवळचा. वय नऊ. पोळा झाला त्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्या ह्यांच्यामागं रानात निघाला आणि उंबरठ्यावरच मागचं अंग खाली बसलं. पुढचे पाय उभे, मागचे दोन्ही नाहीत. ना पडला होता, ना गाडीखाली आला होता, आदल्या रात्री पोटभर भाकरी खाल्ली होती. गावातल्या डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, तिसऱ्या दिवशी उभा राहिला, आम्ही नारळ फोडला आणि पाचव्या दिवशी परत बसला.

मग परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेलं. तिथल्या डॉक्टरसाहेबांनी एक गोष्ट करून दाखवली, ती प्रत्येकानं घरी करून बघावी. दोघांनी धरून त्याला उभं केलं आणि मागचा पंजा उलटा करून, म्हणजे वरची बाजू जमिनीला लागेल असा ठेवला. धडधाकट कुत्रं पंजा लगेच सरळ करतं. टायगरनं तसाच ठेवला. मी मनात दहापर्यंत आकडे मोजले, पंजा उलटाच. आपला पाय कुठं आहे हे त्याला कळतच नव्हतं. घरी शहाबादी फरशीवर रक्ताचे ठिपके का दिसत होते, ते तेव्हा उमगलं. मधल्या दोन बोटांची नखं घासून मुळापर्यंत गेली होती.

गोचीड तापासाठी रक्त तपासलं, प्लेटलेट थोड्या कमी होत्या, म्हणून डॉक्सिसायक्लिन हे जंतूंवरचं औषध 28 दिवस दिलं. एक्स-रेमध्ये मणक्यांवर हाड वाढलेलं दिसलं, पण साहेब म्हणाले, "ताई, म्हाताऱ्या कुत्र्यांत हे बरेचदा दिसतं, त्यानंच पाय गेले असं म्हणता येत नाही. एक्स-रेत हाड दिसतं. आतली नस आणि दोन मण्यांमधली चकती बघायची तर एमआरआय लागतो." त्याच्यासाठी मोठ्या शहरात न्यायचं, भूल द्यायची, आणि खर्च सोयाबीन विकून आलेल्या सगळ्या पैशांएवढा. नाही केला. त्यामुळं नेमकं कारण आजही कागदावर नाही. मज्जारज्जू हळूहळू झिजण्याचा एक आजार म्हाताऱ्या कुत्र्यांना होतो, पण तो दुखत नाही आणि महिनोन् महिने चढत जातो. आमचं एका रात्रीत झालं आणि पाठीला हात लावला की तो कळवळायचा, म्हणून साहेबांचा कल चकतीकडं होता. औषधं आणि पिंजऱ्यात बांधल्यासारखी सहा आठवडे विश्रांती सांगितली.

ही विश्रांती चालू असतानाच मी घाईघाईनं आधी मागचं अंग उचलून धरण्याचा पट्टा मागवला, 1,150 रुपयांना. तो वाया गेला. नराला तो पोटाच्या मधोमध बसतो, लघवीच्या जागेवर दाब येतो, कुत्रं लघवी धरून ठेवतं आणि पट्टा काढला की घरात सोडतं. आत्याबाईंनी पहिल्याच दिवशी जुनं लुगडं चौपदरी करून जांघेच्या अगदी जवळून घातलं होतं आणि दोन्ही टोकं वर धरून त्याला परसात नेलं होतं. तेच आजपर्यंत चालतंय. धुतलं की तासाभरात वाळतं. पट्ट्याचे पैसे वाचवा.

सहा आठवडे झाल्यावर गाडी घेतली, 7,800 रुपयांना. माझ्या बचत गटातले पैसे होते, म्हणून प्रत्येक रुपया मोजून सांगते.

पहिले पंधरा दिवस मला वाटलं की फसवणूक झाली. टायगर चार पावलं चालायचा आणि पुढचे पाय पसरून थांबायचा. पाठ मागून वर, मान खाली. दोन तारे तेव्हाचे. चूक माझ्या मापाची होती. मी त्याला झोपलेला असताना टेपनं मोजलं होतं. माप उभं धरून घ्यायचं असतं: दोघांनी धरायचं, पाठ जमिनीला समांतर ठेवायची आणि जांघेपासून जमिनीपर्यंत मोजायचं. माझं माप दोन इंच जास्त निघालं. दांड्या खाली घेतल्या त्याच दिवशी तो गोठ्यापर्यंत गेला, वळला आणि परत आला. आमच्या ह्यांनी तिथंच पाणी प्यायला बसकण मारली, डोळे पुसत होते. म्हणून कंपनीवर मी तेव्हा केलेला तो आरोप मागं घेते.

पण वेल्क्रोवरचा नाही. तो वाढवते.

गाडीला सहा ठिकाणी वेल्क्रो आहे. ही गाडी बनवणाऱ्यानं फरशीवर राहणारं जाड लॅब्राडोर डोळ्यांसमोर ठेवलं असावं. कारवान्याची छाती खोल आणि कमर मुठीत मावेल एवढी. पट्टा पूर्ण ओढला की काटेरी बाजू मऊ पट्टीच्या पुढं निघून जाते आणि पकड दोन बोटांचीच उरते. आणि त्या दोन बोटांत काय काय अडकतं ते बघा. आमचं रान म्हणजे काळी माती, बांधाला कुसळं आणि आघाडा. एका फेरीत काटेरी बाजू गच्च भरते. कुसळं, केस, आघाड्याचं बी, वरून धूळ. रोज रात्री मी जुना दातांचा ब्रश आणि सुई घेऊन बसते, एकेक कुसळ ओढून काढते. पंधरा-वीस मिनिटं जातात, ती एका पट्टीला, आणि अशा सहा आहेत. महिन्याभरात पकड अर्धी झाली. पावसात भिजलेला वेल्क्रो तर कागदासारखा सुटतो. ज्या वस्तूवर पाय गेलेलं जनावर लटकलेलं असतं, तिचा भार अशा पट्टीवर ठेवलाच कसा, हा प्रश्न मी कंपनीला तीन वेळा विचारला. उत्तर आलं: "मॅडम, पट्टी स्वच्छ ठेवा."

शेवटी चाकूरला बॅगा शिवणाऱ्या मामांकडे गेले. त्यांनी पट्टा उलटापालटा केला, म्हणाले, "ह्याला दप्तराचं बकल लाव की गं, पोरी. लेकराच्या पाठीवरचं दप्तर सुटतं का कधी?" छातीच्या दोन पट्ट्यांना तेव्हाच बकलं लावली, 120 रुपये. त्या आजवर एकदाही सुटल्या नाहीत. कमरेची राहिली होती, काल तीच सुटली.

बाकीचं थोडक्यात. चाकं भरीव फोमची आहेत, सराटे रुतून बसतात पण पंक्चर होत नाही, हे फार मोठं सुख आहे. चिखलात मात्र काळी माती चाक आणि दांडीच्या मध्ये भरते आणि चाक फिरायचंच थांबतं, तेव्हा पावसाळ्यात डांबरी रस्त्यावरच न्या. जानेवारीत डावं चाक करकरायला लागलं. कंपनी म्हणाली, झीज वॉरंटीत येत नाही, जोडी 1,400 रुपये आणि कुरियर वेगळं. मोटार भरणाऱ्या दुकानात नेलं तर बेअरिंग साधं 608 नंबरचं निघालं, बाजारात कुठंही मिळणारं. रबरी सील असलेली चार घेतली, बसवून 200 रुपयांत काम झालं. धूळ असलेल्या गावात सीलचंच घ्या.

ज्यांच्याकडं हे नुकतंच सुरू झालंय, त्यांना मी जे शिकले ते सांगते. मागचं अंग गेलेल्या कुत्र्याची लघवी होतेय का, हे पायांच्या आधी बघा. लघवीची पिशवी भरून नुसती गळत असेल तर ती पूर्ण रिकामी होत नाही, संसर्ग होतो. दाबून कशी काढायची, ते डॉक्टरांकडून हात धरून शिकून घ्या. दर तीन-चार तासांनी कूस बदला, नाहीतर नितंबाच्या हाडावर जखम पडते. गाडीत कुत्र्याला बसता-झोपता येत नाही, म्हणून सुरुवातीला दहा-पंधरा मिनिटंच, आणि एकट्याला कधीच सोडू नका. घरातली आयबुप्रोफेनची गोळी देऊ नका, कुत्र्याला ती विषारी आहे. स्टिरॉइड चालू असताना आयबुप्रोफेनसारखं दुखण्याचं औषध मिसळलं तर पोटात-आतड्यात रक्तस्राव होऊ शकतो. हिरड्या पांढऱ्या पडल्या किंवा मागचे पंजे गार लागले, तर गाडीचा विचार सोडा आणि त्याच तासाला डॉक्टर गाठा, तो नुसता पाठीचा आजार नसू शकतो. बोटाला जोरात चिमटा काढल्यावर कुत्रं वळून बघतही नसेल, तरी वाट बघत थांबू नका, लगेच डॉक्टर गाठा, तिथं दिवस नाही तास मोजतात.

फेब्रुवारीपासून आम्ही मागचे पाय वर लटकवून ठेवणाऱ्या गाडीच्या कड्या काढून ठेवल्यात. मागचे पंजे जमिनीला टेकतात. उजवा पंजा उलटा केला तर तो आता मी तीनपर्यंत मोजेपर्यंत सरळ करतो. डावा अजून नाही. साहेबांनी सांगितलंय, थोडी ताकद असेल तर पाय टेकू द्या, नुसते लटकवून ठेवू नका.

आता ऊन तापलंय. अल्युमिनियमची दांडी दुपारी हाताला चटका देते, त्याच्या मांडीला देणारच. मी तिच्यावर लुगड्याची पट्टी गुंडाळली आणि फिरायची वेळ सहानंतरची केली. दोनाचे चार तारे करते. पाचवा कमरेच्या वेल्क्रोमुळं देत नाही. उद्या बाजार आहे, पट्टा पिशवीत टाकून ठेवलाय. टायगर दारात बसून त्या पिशवीचा वास घेतोय, आज फिरायला का नेलं नाही ते त्याला कळत नाहीये.