जेफ्लॅप: ऑटोमॅटा हाताने घडवून बघण्यासाठी

ऑटोमॅटा म्हणजे चिन्हांची ओळ (स्ट्रिंग) वाचून ती स्वीकारणारी किंवा नाकारणारी काल्पनिक यंत्रं. ती घडवून बघण्यासाठी ड्यूक विद्यापीठात सुसान रॉजर यांच्या मार्गदर्शनाखाली घडलेलं जेफ्लॅप हे मोफत सॉफ्टवेअर चालायला संगणकावर जावा लागतं. दिसायला जुनाट आहे, पण एनएफएचा (एकाच चिन्हावर अनेक वाटा असू शकणारं यंत्र) डीएफए (एका चिन्हावर एकच वाट असणारं यंत्र) कसा होतो हे यासारखं डोळ्यांसमोर क्वचितच उलगडतं.

० आणि १ च्या ज्या स्ट्रिंगमध्ये ‘शेवटून तिसरं चिन्ह १’ असतं, त्यांचा संच ही भाषा घ्या. एनएफएला ४ स्टेट (अवस्था) पुरतात. ‘कन्व्हर्ट टू डीएफए’ केलं की त्या स्टेटचा एकेक उपसंच उलगडत ८ स्टेट होतात, आणि मिनिमाइझ करूनही ८च राहतात, कारण शेवटची तीन चिन्हं लक्षात ठेवावीच लागतात. पुस्तकातला घातांकी फुगवटा इथे खरा पटतो.

स्टेट जोडणाऱ्या बाणावर (ट्रान्झिशनवर) ‘०,१’ लिहू नका; स्वल्पविरामासकट ती एकच स्ट्रिंग धरली जाते. ० आणि १ साठी वेगळी ट्रान्झिशन द्या. रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये (भाषेचं सूत्रात केलेलं वर्णन) अधिक चिन्ह म्हणजे ‘किंवा’, ‘एक वा अधिक वेळा’ नव्हे. प्रोग्रामिंगची सवय असलेले इथे हमखास फसतात.

सर्वात घातक चूक पूरक भाषेत (मूळ भाषेत नसलेल्या सगळ्या स्ट्रिंगचा संच) होते. बाण सुटलेला असला तरी जेफ्लॅप कुरकुर न करता इनपुट नाकारतं. अशा अपुऱ्या डीएफएत फायनल (स्वीकारणाऱ्या) आणि नॉन-फायनल स्टेटची अदलाबदल केली, की अडकणाऱ्या स्ट्रिंग दोन्हीकडे नाकारल्या जातात. म्हणून आधी ‘ॲड ट्रॅप स्टेट’ (सुटलेले बाण जिथे नेले जातात आणि जिथून बाहेर पडता येत नाही अशी स्टेट जोडणं), मगच अदलाबदल. नंतर ‘मल्टिपल रन’मध्ये रिकामी स्ट्रिंग धरून दहाबारा इनपुट तपासा.