जुनाट युव्हिआयटिस: नुसतं स्टेरॉइड, मेथोट्रेक्सेट, अडालिमुमॅब की डोळ्यातलं इम्प्लांट?

डॉक्टरांनी नुकतंच सांगितलंय की आता नुसत्या स्टेरॉइडवर भागणार नाही, जोडीला दुसरं औषध सुरू करू, आणि तुम्ही घरी येऊन रात्री दोनपर्यंत मोबाईलवर त्या औषधांची नावं शोधत बसलाय, तर हे तुमच्यासाठी लिहितेय. युव्हिआयटिस म्हणजे डोळ्यातल्या युव्हिया नावाच्या भागाला येणारी सूज; मला दोन्ही डोळ्यांना पॅनयुव्हिआयटिस, म्हणजे पुढपासून मागपर्यंत सगळीकडे सूज आहे, डावा जास्त खराब, हे नववं वर्ष चालू आहे. मी डॉक्टर नाही, शाळेत शिकवते, डोस आणि औषध तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचं. पण कुठलं औषध घरात आल्यावर रोजचं जगणं कसं होतं ते मला माहितीये.

पहिली गोष्ट, सूज डोळ्यात नेमकी कुठे आहे ते विचारून घ्या, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. युव्हिया म्हणजे बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा, त्यामागचा भाग आणि रेटिनाच्या (डोळ्याच्या मागच्या, चित्र टिपणाऱ्या पडद्याच्या) खालचा रक्तवाहिन्यांचा थर. सूज पुढे असेल तर थेंबांनी काम होतं, मधे किंवा मागे असेल तर थेंब तिथवर पोचतच नाहीत, मग गोळी नाहीतर इंजेक्शनच लागतं. आणि दुसरं म्हणजे इन्फेक्शन नाही ना याची खात्री. आपल्याकडे टीबी डोळ्यातसुद्धा होतो, सिफिलिस, हर्पीस, टॉक्सोप्लाझ्मा अशी इन्फेक्शन्सपण असतात, त्यामुळे छातीचा एक्सरे, मॅंटू (हाताला टोचून करायची टीबीची टेस्ट) किंवा रक्तातली टीबीची टेस्ट सांगितली तर "मला खोकला नाही, मग हे कशाला" म्हणून टाळू नका. खाली जे काही लिहिलंय ते सगळं इन्फेक्शन नसलेल्या युव्हिआयटिसबद्दल आहे.

माझं सुरुवातीलाच चुकलं. जुलै महिना होता, शाळेत अर्ध्या पोरांचे डोळे आलेले, मलाही तेच झालं म्हणून मेडिकलमधून अँटिबायोटिकचे थेंब आणून तीन आठवडे घालत बसले, वर आईने गुलाबपाणी सांगितलं तेही केलं. पण चिकटा येत नव्हता, उजेड सहन होत नव्हता, आणि लाली बुबुळाच्या कडेने जास्त होती, हा फरक मला कुणी सांगितला नाही. डॉक्टरांनी स्लिट लॅम्पखाली (डोळा तपासायच्या सूक्ष्मदर्शकाखाली) बघितलं तोवर आतला पडदा मागच्या लेन्सला चिकटला होता, बाहुली आजही गोल दिसत नाही.

आता स्टेरॉइड. सगळे त्याला शिव्या देतात पण अटॅक आल्यावर डोळा तेच वाचवतं, दुसरं कुठलंही औषध इतक्या लवकर काम करत नाही. प्रेडनिसोलोन सुरुवातीला साधारण किलोला 1 मिलिग्रॅम या हिशोबाने देतात आणि हळूहळू उतरवतात, मनाने एकदम बंद करायचं नाही कारण शरीर स्वतःचं स्टेरॉइड बनवायचं थांबलेलं असतं. खरा प्रश्न उतरवताना येतो. तीनेक महिन्यांत रोजचा डोस 7.5 मिलिग्रॅम किंवा त्याखाली यावा असं डॉक्टर बघतात, आणि तिथे आलं की ज्यांचा डोळा पुन्हा उठतो त्यांना दुसऱ्या औषधाची गरज असते. माझं तीनदा तसंच झालं, 20 वरून 10 पर्यंत छान, 7.5 केलं की आठवड्याभरात डोळ्यापुढे जाळी. तरी मी दीड वर्ष फक्त स्टेरॉइडवरच काढलं, कारण गोळी स्वस्त आणि ओळखीची होती आणि मेथोट्रेक्सेटचं नाव ऐकून घाबरले होते. त्या दीड वर्षात नऊ किलो वजन वाढलं, फास्टिंग शुगर वर गेली, झोप उडाली, आणि डाव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला तो पस्तिशीत. त्याचं ऑपरेशनसुद्धा लगेच होत नाही, डोळा किमान तीन महिने शांत राहावा लागतो. म्हणून सांगते, स्वस्त दिसणारा हा पर्याय लांब पल्ल्याला सगळ्यात महाग पडतो.

थेंबांचंही दोन शब्दांत सांगते. प्रेडनिसोलोन ॲसिटेटचा थेंब दुधट असतो, औषध तळाला बसतं, बाटली नीट हलवली नाही तर नुसतं पाणीच डोळ्यात जातं, हे मला दुसऱ्या वर्षी कळलं. दोन वेगळ्या थेंबांमध्ये पाच मिनिटं जाऊ द्या आणि थेंब घातल्यावर नाकाकडचा कोपरा बोटाने दाबून धरा. ॲट्रोपिन किंवा होमॅट्रोपिन (बाहुली मोठी करणारे थेंब) दिलं असेल तर जवळचं वाचता येणार नाही. मी पेपर तपासायच्या आठवड्यात ते घातलं आणि तिसरीच्या पोरांची अक्षरं मला नवऱ्याने वाचून दाखवली. तरी ते चुकवू नका, पडदा चिकटू नये म्हणूनच देतात.

मेथोट्रेक्सेट, म्हणजे स्टेरॉइडच्या जोडीला देतात ते प्रतिकारशक्ती दाबणारं औषध, त्याबद्दल जरा जास्त लिहिते कारण भीती इथेच सगळ्यात जास्त असते. माझी जाऊबाई म्हणाली, "अगं ही तर कॅन्सरची गोळी, डोळ्यासाठी कोण घेतं?" कॅन्सरमध्ये ती खूप मोठ्या डोसमध्ये देतात, डोळ्याला किंवा संधिवाताला आठवड्यातून एकदाच साधारण 10 ते 25 मिलिग्रॅम. आठवड्यातून एकदाच, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा, कारण चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. माझा वार गुरुवार, कॅलेंडरवर लाल गोल, गोळ्यांचा डबा नवऱ्याच्या कपाटात. फॉलिक ॲसिड डॉक्टर सांगतील त्या दिवशी वेगळं. गुरुवारी रात्री गोळी घेतली की शुक्रवारी सकाळी मळमळ आणि चहाचा वाससुद्धा नको व्हायचा, मग गोळीऐवजी पोटावर टोचून घ्यायला लागले तेव्हापासून बरंच कमी झालं. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), लिव्हर आणि क्रिएटिनिन (किडनीची) या रक्ताच्या टेस्ट सुरुवातीला दोन-चार आठवड्यांनी, मग दोन-तीन महिन्यांनी. दारू बंद. मूल हवं असेल तर आधीच बोला, काही महिने अगोदर हे थांबवावं लागतं. आणि लघवीच्या इन्फेक्शनसाठी वगैरे कुणी कोट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक लिहून दिलं तर मेथोट्रेक्सेट चालू आहे हे तिथल्या तिथे सांगा, दोन्ही एकत्र रक्ताच्या पेशी धोकादायक कमी करू शकतात. परिणाम दिसायला दोन-तीन महिने जातात, तोवर स्टेरॉइड सोबत चालू राहतं, पहिल्या महिन्यात "काहीच फरक नाही" म्हणून सोडू नका.

मायकोफेनोलेट (त्याच प्रकारचं दुसरं औषध) की मेथोट्रेक्सेट, हा प्रश्न हमखास येतो. त्यावर फास्ट नावाची ट्रायल, म्हणजे पेशंटवर औषधांची तुलना करणारी चाचणी झाली, 2019 ला निकाल आला, 216 पेशंट, त्यात आपल्या भारतातले बरेच होते. सहा महिन्यांनी मेथोट्रेक्सेटवर सुमारे 67 टक्के लोकांमध्ये स्टेरॉइड कमी करून आजार ताब्यात होता, मायकोफेनोलेटवर 57 टक्के, म्हणजे एकूणात मायकोफेनोलेट सरस ठरलं नाही. मागच्या भागाचा किंवा पॅन असेल तर मेथोट्रेक्सेट स्पष्ट पुढे होतं, 74 विरुद्ध 55. मधल्या भागाच्या युव्हिआयटिसमध्ये आकडे उलटे दिसले पण ते पेशंट अगदी थोडे होते, त्यावर फार विसंबू नका. मायकोफेनोलेट दिवसातून दोनदा घ्यायचं, पोट बिघडवतं, आणि गरोदरपणात तेही चालत नाही. गरोदरपणाचा विचार असेल तर ॲझाथायोप्रिन या तिसऱ्या औषधाबद्दल विचारा.

अडालिमुमॅब हे टीएनएफ नावाचं, शरीरात सूज वाढवणारं द्रव्य अडवणारं इंजेक्शन, पहिल्यांदा 80 मिलिग्रॅम, आठवड्याने 40, मग दर पंधरा दिवसांनी 40, मांडीत किंवा पोटावर घरीच टोचायचं. इन्फेक्शन नसलेल्या मधल्या, मागच्या आणि पॅनयुव्हिआयटिससाठी अमेरिकेत 2016 ला मंजुरी मिळाली. त्यामागच्या व्हिज्युअल 1 ट्रायलमध्ये स्टेरॉइड उतरवताना उपचार फसेपर्यंतचा मध्यक (मीडियन) काळ औषधावर 24 आठवडे होता, प्लासिबोवर (औषध नसलेल्या खोट्या इंजेक्शनवर) 13. म्हणजे फरक खरा आहे, पण सगळ्यांचा आजार जागच्या जागी थांबतो असं नाही. आपल्याकडे झायडसने 2014 ला याचं जगातलं पहिलं बायोसिमिलर (मूळ औषधासारखंच दुसऱ्या कंपनीने बनवलेलं) आणलं, त्यामुळे किंमत खाली आली, तरी महिन्याचा खर्च हजारांत जातो आणि ओपीडीतलं इंजेक्शन बऱ्याच मेडिक्लेम पॉलिसीत बसत नाही, सुरू करायच्या आधी कंपनीला लेखी विचारा. फ्रीजमध्ये 2 ते 8 डिग्री, गोठवायचं नाही, आमच्याकडे लाइट जाते तेव्हा मी ते थर्मासच्या डब्यात बर्फाच्या पॅकला चिकटू न देता फडक्यात गुंडाळून ठेवते.

यात दोन अडथळे पक्के लक्षात ठेवा. एक टीबी, झोपलेला टीबी हे औषध जागा करतं, आधी टेस्ट आणि गरज पडली तर आधी टीबीचं औषध. दुसरा मल्टिपल स्क्लेरोसिस, हा मेंदू आणि मज्जातंतूंचा आजार. मधल्या भागाचा युव्हिआयटिस कधीकधी त्याच्यासोबत असतो आणि टीएनएफ अडवणारी औषधं तो बिघडवू शकतात, म्हणून हातपाय बधिर होणं, मुंग्या असं काही असेल तर एमआरआय झाल्याशिवाय घाई नको. याउलट कंबर सकाळी आखडते आणि एचएलए बी 27 (मणक्याच्या संधिवाताशी संबंध असलेल्या जीनची रक्तचाचणी) पॉझिटिव्ह आहे, किंवा लहान मुलाला संधिवातासोबत डोळ्याची सूज आहे, तर हा पर्याय वरच्या नंबरवर येतो.

डोळ्यातल्या इम्प्लांटचं थोडक्यात. 0.7 मिलिग्रॅम डेक्सामेथासोनची बारीक काडी डोळ्यात सोडतात, ती आपोआप विरघळते, तीन ते सहा महिने काम करते. एकाच डोळ्याला त्रास, रेटिनाला सूज, शुगर इतकी की गोळ्या झेपत नाहीत, अशांना बरी. काचबिंदू असेल किंवा स्टेरॉइडने डोळ्यातलं प्रेशर चढत असेल तर नाही. दुसरं एक फ्लुओसिनोलोनचं ऑपरेशन करून बसवायचं इम्प्लांट होतं, त्याची गोळ्यांशी तुलना मस्ट नावाच्या ट्रायलमध्ये केली, दोन वर्षांनी नजर दोन्हीकडे सारखी, पण सात वर्षांनी गोळ्यांवाल्यांची नजर चांगली राहिली. दोन्ही डोळ्यांना आणि वर्षानुवर्षं चालणारा आजार असलेल्यांनी हा निकाल जरूर लक्षात घ्यावा.

माझ्यासारखं दोन्ही डोळ्यांना, मागच्या भागात, आणि 7.5 च्या खाली उतरत नाही असं असेल तर मी आज विचार न करता आधी मेथोट्रेक्सेट घेईन, पुरेशा डोसवर त्याला तीन-चार महिने वेळ देईन, आणि तरी उठलं तर अडालिमुमॅब जोडून घेईन, कारण सोबत मेथोट्रेक्सेट असलं की त्या इंजेक्शनविरुद्ध शरीरात अँटिबॉडी कमी तयार होतात. मी त्याच जोडीवर आहे, स्टेरॉइड 2.5 वर. मूल हवंय किंवा लिव्हरचा त्रास आहे अशांचा क्रम वेगळा असेल. सिगारेट ओढत असाल तर ती कुठल्याही पर्यायात सोडाच, तिचा युव्हिआयटिसशी संबंध दिसलाय.

पुढच्या अपॉइंटमेंटला जुन्या सगळ्या ओसीटी (रेटिनाचे स्कॅन) आणि प्रत्येक अटॅकच्या वेळी स्टेरॉइडचा डोस किती होता ते तारखेसकट एका कागदावर लिहून न्या. माझा तो कागद बघूनच डॉक्टरांनी पाच मिनिटांत सांगितलं की तुमचा डोळा नेमका 7.5 ला उठतो.